डाव्या बाह्या

सव्वीस वर्षं तिनं बाह्या जोडल्या,
त्याही फक्त डाव्या.
सॉल्ट रिव्हरच्या कारखान्यात उजव्यांना दुसरी बाई होती,
कॉलरला तिसरी.
अख्खा शर्ट असा रुगाया डेव्हिड्सनं कधी शिवला नाही,
पण टॅक्सीत शेजारी बसेल त्याचा डावा हात धरून
खांद्यावरची शिवण निरखायची
आणि म्हणायची, ‘छे, हे माझं नाही.’

मग चीनहून शर्ट यायला लागले, पुरे,
दोन्ही बाह्यांचे.
कारखाना मिटला. हातात आलेल्या पैशातून
तिनं एक जाड बुडाचं पातेलं घेतलं.
उरलेल्याचं काय केलं ते तिच्या मुलालाही माहीत नाही.

शनिवारी संध्याकाळी पीठ भिजायचं:
बटाटा, बडीशेप, वेलदोडा,
खिडकीत वाळवलेली संत्र्याची साल.
रविवारी पहाटे तळण, पाक, वरून खोबरं.
मशिदीतून परतणारे, चर्चला निघालेले
एकाच रांगेत, कुसिस्टरसाठी,
हातात आपापला डबा.
उधारी लिहायची नाही. ‘विसरते मी,’ म्हणायची,
आणि माझ्या आईला कळा कुठल्या वारी सुरू झाल्या
ते तिला पाठ होतं.

त्या शनिवारी आग्नेयेचा वारा सुटला.
केप टाउनात आम्ही त्याला डॉक्टर म्हणतो,
शहराची घाण समुद्रात लोटतो म्हणून.
दोन इमारतींच्या मधल्या दोऱ्या सगळ्यांच्या.
वारा उठला की ती खाली उतरायची,
कुणाचं काय न बघता
सगळ्यांचेच कपडे काढायची.
पिठाचे हात पुसून उतरली.
खांद्यावर कुणाची चादर, तोंडात दोन चिमटे.

गोळी कर्टिससाठी होती.
कर्टिस पायऱ्यांवर बसला होता,
आणि मग नव्हता.
झाडणारा सतरा वर्षांचा.
रविवारच्या रांगेत त्याचाही डबा असायचा, हिरव्या झाकणाचा,
अजून तिच्या फडताळात आहे.

चिमट्यांमुळे असेल,
ती ओरडली नाही.

आमच्या भागात पोलीस सोबत असल्याशिवाय
अॅम्ब्युलन्स आत येत नाही.
पेट्रोल पंपापाशी थांबली, दिवा फिरवत,
एक्केचाळीस मिनिटं.
डॉक्टर तेवढा वेळेवर हजर होता.
चादरी फडफडवत होता.

रात्रभर पीठ फुगत राहिलं.
सकाळी झाकण खाली पडलेलं, पीठ ओट्यावर आलेलं,
आणि दारात पोरं, डबे घेऊन,
कारण पोरांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.
टाकून कसं द्यायचं, तिची जाऊ फौझिया म्हणाली.
माझ्या आईनं तेल तापवलं.
बाहेरून काळे, आतून कच्चे, पाकाचा दगड.
पोरांनी खाल्ले.
एकीनं विचारलं, आज साल नाही घातली?

माती लगेच द्यायची असते त्यांच्यात.
सरकारी शवागारानं तिला सहा दिवस ठेवून घेतलं.
मुलगा रोज सकाळी जायचा,
बाकावर बसून यायचा.

पेपरात दोन ओळी. आडनाव चुकीचं, वय तीन वर्षं जास्त.
‘गोळीबारात सापडून महिला ठार.’
सापडून.
जशी काही कुठे हरवली होती.

काल मला पोलीस ठाण्यात बोलावलं.
तिच्या हातातल्या कपड्यांत माझा एक शर्ट होता,
निळा. कागदी पिशवीत, पिशवीवर नंबर.
खटला संपेपर्यंत परत मिळणार नाही,
ओळखा आणि सही करा.
एका बाहीची शिवण उसवलेली दिसली.
डावी की उजवी, घडीत कळेना.
हात लावायची परवानगी नव्हती.

‘तुमचाच ना?’ हवालदारानं विचारलं.
पेन पुढे केलेलं.
मागे रांग होती.